जमिनीचा नफा, शेअरचा तोटा आणि ‘सेट ऑफ’: फोंड्याच्या सरांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: निवृत्त शिक्षक, वय ६२, राहणार फोंडा, गोवा. ऑगस्ट २०१२ मध्ये ६ लाखांना घेतलेला प्लॉट यंदा, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षात, डिसेंबरमध्ये ४० लाखांना विकला. दोन कंपन्यांच्या शेअरांत मिळून ८ लाखांचा तोटा दिसतो आहे. सीए म्हणतात, ‘३१ मार्चच्या आत शेअर विका, लॉस सेट ऑफ होईल.’ सेट ऑफ म्हणजे ते ८ लाख परत मिळणार का? आणि विकावेत का?

नमस्कार सर,

८ लाख परत मिळणार नाहीत, हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रात तीच आशा दिसली. सेट ऑफ हा देण्याघेण्याच्या हिशेबातला जुना इंग्रजी शब्द आहे. तुम्ही माझे शंभर देणं लागता, मी तुमचे साठ. दोन्ही रकमा समोरासमोर ठेवायच्या आणि उरलेल्या चाळिसांचंच मागणं करायचं. पूर्वी इंग्लंडात धनको स्वतःकडचं देणं बाजूला ठेवून पूर्ण रकमेसाठी ऋणकोला तुरुंगात घालू शकत असे. १७२९ च्या कायद्याने ऋणकोला अशी वजावट मागण्याची सोय दिली. प्राप्तिकरात हाच शब्द तोट्याला लागला: तोटा नफ्यातून वजा होतो, आणि कर उरलेल्या नफ्यावर बसतो.

तुमचा नफा ३४ लाख. इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून नफा मोजणं) घेऊन २० टक्के भरण्यापेक्षा ते न घेता १२.५ टक्के तुम्हाला स्वस्त पडतात, मी दोन्ही करून पाहिलं. त्यातून ८ लाख वजा झाले तर वाचणारा कर १ लाख, सेस (करावरचा ४ टक्के उपकर) धरून १ लाख ४ हजार. रुपयाच्या तोट्यामागे साधारण तेरा पैसे. एवढ्यासाठी चांगला शेअर हातचा घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून दोन्ही शेअर वेगवेगळे पाहू.

पायाभूत सुविधांच्या कंपनीचे शेअर तुम्ही २०२१ मध्ये घेतले, तिथे तोटा ६ लाख. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकलेत आणि कर्ज दरवर्षी वाढतंय, हे तुम्हीच लिहिलं आहे. कर वाचो न वाचो, हे विका आणि परत घेऊ नका. हा दीर्घकालीन (बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरचा) तोटा आहे, तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. प्लॉटचा नफा तसाच असल्याने अडचण नाही.

बँकेचे शेअर गेल्या जुलैत घेतलेले, तोटा २ लाख, अल्पकालीन. हा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. बँक चांगली आहे, ती सोडावी असं मला वाटत नाही. विकून पुन्हा घेता येतील, पण त्याच दिवशी नको. विक्री-खरेदी एकाच दिवशी झाली तर ती इंट्राडे, म्हणजे दिवसाच्या आतली उलाढाल, धरली जाते, आणि तो सट्ट्याचा तोटा प्लॉटच्या नफ्यासमोर चालत नाही. एक-दोन दिवस जाऊ द्या. भाव तेवढ्यात वर गेला तर तो धोका तुमचा, आणि शेअर दीर्घकालीन ठरण्यासाठीची बारा महिन्यांची मोजणीही नव्याने सुरू होईल.

आता गोव्याची गोष्ट, जी सीएंनी सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. लग्नाच्या सिव्हिल रजिस्ट्रेशनच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर तुमची मालमत्ता नवरा-बायकोची समाईक आहे. सेलडीडवर वहिनींची सही म्हणूनच लागली. प्राप्तिकराच्या कलम ५ए नुसार पगार-पेन्शन सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. म्हणजे प्लॉटचे १७ लाख तुमच्या रिटर्नमध्ये, १७ वहिनींच्या. दोन्ही शेअर विकले तर तोटाही ४-४ लाख, म्हणजे प्रत्येकी १३ लाख नफा उरतो. ठेवींचं व्याज १ लाख २० हजार, त्यातले ६० हजार त्यांचे. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यातली न वापरलेली ३ लाख ४० हजारांची मर्यादा त्यांना या नफ्यासमोर लावता येते. १३ लाखांतून ती गेली की ९ लाख ६० हजार. त्यावर कर सेससह १ लाख २४ हजार ८००. तुम्हाला ही सवलत नाही, तुमची मर्यादा पेन्शनमध्येच संपते. दोघांनीही रिटर्न भरायचं, त्यातल्या शेड्यूल ५ए या तक्त्यात एकमेकांचा पॅन द्यायचा.

५४ईसी रोख्यांचा (जमिनीचा नफा गुंतवला तर त्यावरचा कर वाचवणारे रोखे) विचार असेल तर तो शेअरच्या आधी उरका. विक्रीपासून सहा महिन्यांत गुंतवावं लागतं, पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज करपात्र. सगळा नफा तिथे टाकलात तर तोट्याला वजा व्हायला यंदा नफाच उरणार नाही. मग तो आठ वर्षं पुढे ओढता येईल, रिटर्न मुदतीत भरलं तरच. तुम्हाला दर महिन्याला खर्चाला पैसे लागतात, म्हणून मी रोखे सुचवत नाही.

एक काम मात्र लगेच करा. तुमचं वय साठच्या वर आणि धंदा नाही, त्यामुळे तुम्हाला आगाऊ कर (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) लागू नाही. वहिनी ५७ च्या आहेत. त्यांचा कर १५ मार्चच्या आत भरा, नाहीतर व्याज लागेल. त्यासाठी शेअरची विक्री मार्चच्या पहिल्या आठवड्यातच करा, म्हणजे आकडा पक्का असेल.