ऐकून चुकले की वाचून?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावीच्या वर्गात साठ मुले असून बहुतेकांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. उतारा वाचायला दिला तर बरी उत्तरे लिहिणारी मुले तोच मजकूर मोबाइलवरून ऐकवला की गप्प बसतात. चीनमध्ये महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याला स्वतंत्र गुण असतात, असे कळले. तिकडे ही दोन कौशल्ये कशी तपासतात आणि तो नमुना आम्ही जसाच्या तसा वापरावा का? — एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : चीनमध्ये उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या या परीक्षेला गाओखाओ म्हणतात. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. तिच्या राष्ट्रीय नमुन्यातील इंग्रजीची प्रश्नपत्रिका दोन तासांची व १५० गुणांची असते. त्यांपैकी ३० गुण ऐकण्याला, ५० वाचण्याला, ३० रिकाम्या जागा भरण्याच्या भाषावापराला आणि ४० लेखनाला दिलेले असतात. ऐकण्याचे २० प्रश्न प्रत्येकी दीड गुणाचे असतात. आरंभी पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात व प्रत्येकावर एकच प्रश्न विचारतात. त्यानंतरचे पाच लांब संवाद किंवा निवेदने दोनदा ऐकवून त्यांवर १५ प्रश्न विचारतात. लांब तुकडा सुरू होण्यापूर्वी दर प्रश्नामागे पाच सेकंद वाचनासाठी मिळतात. सूचना मात्र चिनी भाषेत छापलेल्या असतात, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते, कारण सूचनाच न कळल्यामुळे गेलेला गुण हा ऐकण्यातला दोष नव्हे.

या प्रश्नपत्रिकेच्या आरंभी वर्षानुवर्षे एकच नमुना-प्रश्न छापला जात आला आहे. शर्टाची किंमत किती, असा तो प्रश्न असून त्याचे पर्याय १९.१५ पौंड, ९.१८ पौंड आणि ९.१५ पौंड असे आहेत. बरोबर उत्तर तिसरे. वरवर पाहता हा अगदी बाळबोध प्रश्न आहे, पण त्याची बांधणी पाहण्याजोगी आहे. पहिला पर्याय निवडणाऱ्या मुलाने ‘नाइन’च्या जागी ‘नाइंटीन’ ऐकले, आणि दुसरा निवडणाऱ्याने ‘फिफ्टीन’च्या जागी ‘एटीन’ ऐकले. म्हणजे चुकलेले उत्तरही काय चुकले ते सांगून जाते. आपण वर्गचाचणी काढताना बरोबर उत्तरावर विचार करतो आणि उरलेले पर्याय जागा भरण्यासाठी कसेबसे लिहितो; माझ्या मते सगळी मेहनत त्या उरलेल्या पर्यायांवरच व्हायला हवी.

म्हणूनच ‘जसाच्या तसा’ या आपल्या शब्दांना माझा विरोध आहे. चिनी मुलांचे कान जेथे अडखळतात तेथेच आपल्या मुलांचे अडखळतील असे नाही. मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, भाषेतील शब्दावयवाच्या (सिलेबलच्या) शेवटी ‘न’, ‘ङ’ आणि फार तर ‘र’सारखा ध्वनी, एवढीच व्यंजने येऊ शकतात. त्यामुळे ‘लाइक’ आणि ‘लाइक्ट’ यांतील शेवटचा फरक त्या मुलांच्या कानांतून सहज निसटतो. ‘पाच’, ‘लोक’, ‘हात’ म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना शब्दाच्या शेवटचे एकेरी व्यंजन नवे नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार मँडरिनमध्ये एकच आहे, फरक केवळ लिहिताना दिसतो. म्हणून ‘ही’ आणि ‘शी’ ऐकून कोण कोणाबद्दल बोलत आहे ते ओळखणे त्यांना कठीण जाते, मराठी मुलांना तसे जाऊ नये. संख्यांच्या बाबतीत मात्र दोघांची अडचण सारखी आहे. चिनी भाषेत दहा हजारांसाठी आणि दहा कोटींसाठी स्वतंत्र शब्द आहेत. ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ ऐकल्यावर चिनी मुलाला मनात पंचवीस दहाहजार करावे लागतात आणि आपल्या मुलाला अडीच लाख. हा हिशेब होईपर्यंत पुढचे वाक्य निघून गेलेले असते. आपल्याकडे याशिवाय ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही ध्वनी एका ‘व’मध्ये बसवण्याची सवय आहे, आणि ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’ यांसारखे शब्द बोलण्याच्या ओघात जवळजवळ गिळले जातात हे मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. पुस्तकात प्रत्येक शब्द सुटा दिसतो, म्हणून तो तसाच सुटा ऐकू येईल अशी त्यांची समजूत असते. आपले चुकीचे पर्याय या अडचणींतून यायला हवेत.

आपल्या पत्रातील ‘तोच मजकूर’ हे शब्दही मला खटकले. वाचण्यासाठी लिहिलेला उतारा मोठ्याने म्हटला म्हणजे ती ऐकण्याची सामग्री होत नाही. छापील वाक्य लांब, गोटीबंद असते आणि वाचणारा मागे जाऊन ते पुन्हा पाहू शकतो. बोलणारा माणूस अडखळतो, एकच गोष्ट दोनदा सांगतो, वाक्य अर्धवट सोडून दुसरे धरतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचाच आधार मिळतो. गाओखाओत ऐकण्यासाठी संवाद आणि निवेदने घेतात ती याच कारणाने. तेव्हा पाठ्यपुस्तकाचा धडा बाजूला ठेवून दुकानातील, दवाखान्यातील किंवा बसस्थानकावरील दीड मिनिटाचे संभाषण आपण एखाद्या सहकारी शिक्षिकेसोबत ध्वनिमुद्रित करावे.

विषय ओळखीचा घेण्यात एक धोका आहे, तोही सांगतो. तासगावच्या मुलांना बेदाण्याच्या सौद्यावरचा संवाद ऐकवला, तर भाव कोणत्या गोष्टीवरून ठरला याचे उत्तर त्यांतील निम्मी मुले न ऐकताच देतील, कारण घरी रोज तीच चर्चा असते. विषय ओळखीचा असावा, पण उत्तर संवाद ऐकल्याशिवाय मिळू नये. यासाठी सोपी कसोटी अशी की, चाचणी घेण्यापूर्वी प्रश्न आणि पर्याय दुसऱ्या एखाद्या तुकडीला ध्वनिमुद्रण न ऐकवता सोडवायला द्यावेत. तीन पर्यायांच्या बारा प्रश्नांत निव्वळ अंदाजाने सरासरी चार उत्तरे बरोबर येतात. त्यापेक्षा बरीच अधिक आली तर प्रश्न गळके आहेत असे समजावे. याच हिशेबाने गाओखाओतही केवळ अंदाज करणाऱ्याला ऐकण्याच्या ३० पैकी सुमारे १० गुण मिळू शकतात, त्यामुळे असे दहा गुण पाहून मुलाला एक तृतीयांश इंग्रजी कळते असे म्हणता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. छापील इंग्रजी पर्याय वाचून उत्तर द्यायचे असेल, तर ती चाचणी अर्धी वाचनाची होते, आणि मूल ऐकून चुकले की वाचून, हे शिक्षकाला कळत नाही. कोटीभर मुलांना गुणानुक्रमे लावणाऱ्या परीक्षेला हा भेसळीचा दोष परवडतो, कारण तिला मुलाच्या चुकीचे कारण शोधायचे नसते, त्याचे स्थान ठरवायचे असते. आपल्यापुढे साठ मुले आहेत आणि पुढच्या सोमवारी तीच पुन्हा वर्गात येणार आहेत. म्हणून पर्याय मराठीत किंवा चित्रांत द्यावेत. ऐकण्याची चाचणी झाल्यावर उत्तरपत्रिका गोळा कराव्यात, त्याच संवादाची छापील प्रत वाटावी आणि तेच प्रश्न पुन्हा सोडवून घ्यावेत. प्रत हाती आल्यावर ज्यांची उत्तरे सुधारली त्यांना शब्द येतात पण कानाला ते ओळखता येत नाहीत. अशांसाठी रोज पाच मिनिटांचे श्रुतलेखन पुरे. प्रत हाती असूनही जे चुकले त्यांना शब्दसंपत्ती आणि वाक्यरचनेपासून सुरुवात हवी, त्यांना दहा वेळा ऐकवून उपयोग नाही. हे दोन गट एकाच गुणाच्या आड लपलेले असतात. चीनने २०१८ साली इंग्रजी क्षमतेची नऊ पातळ्यांची राष्ट्रीय मोजपट्टी जाहीर केली. तीत ऐकणे आणि वाचणे यांची वर्णने वेगवेगळी असून विद्यार्थ्याला काय करता येते या भाषेत ती लिहिलेली आहेत. आपल्या नोंदवहीत गुणांशेजारी तसे एक वाक्य लिहिण्याची प्रथा घ्यावीच घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजीचा उतारा न वाचताच आधी प्रश्न वाचते, मग त्यातील शब्द उताऱ्यात शोधून तेवढीच ओळ उतरवते. तिला गुण चांगले पडतात. हे वाचन म्हणावे का? चिनी मुलेही असेच करतात का? — एक पालक, कराड

उत्तर : प्रश्न आधी वाचण्यात गैर काहीच नाही. कोणत्या कामासाठी वाचायचे ते ठरवून वाचणे हे प्रौढ वाचकाचे लक्षण आहे. एसटीचे वेळापत्रक आपण पहिल्या ओळीपासून वाचत नाही. दोष ओळ उतरवून भागणाऱ्या प्रश्नाचा आहे. प्रश्नातला शब्द आणि उताऱ्यातला शब्द एकच ठेवला, की वाचनाची गरज संपते आणि शोधाशोध उरते.

गाओखाओत चार उतारे असतात. त्यांवरचे १५ प्रश्न प्रत्येकी अडीच गुणांचे असतात. उतारे अनोळखी असतात, पाठ्यपुस्तकातील धडा तेथे येत नाही. पहिला उतारा बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रकासारखा असतो आणि त्यात शोधाशोधच अपेक्षित असते. पुढे मात्र मध्यवर्ती कल्पना, लेखकाचा कल, संदर्भावरून शब्दाचा अर्थ, न सांगितलेला निष्कर्ष असे प्रश्न येतात. आपल्या बारावीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याखालीच वैयक्तिक प्रतिसाद, भाषाभ्यास आणि शब्दसंपत्तीचे प्रश्न असतात. ते उपयुक्त आहेत, पण त्यांचे गुण वाचनाच्या गुणांत मिसळल्यामुळे मुलीला वाचता किती येते हे त्या बेरजेवरून सांगणे कठीण होते. चिनी मुलेही क्लृप्त्या शिकतात, त्यांना त्या शिकवणाऱ्यांचीही तेथे वाण नाही. परीक्षेवर आयुष्य टांगलेले असले की असे सर्वत्र होते.

त्या प्रश्नपत्रिकेतील एक प्रकार मात्र क्लृप्त्यांना सहजी दाद देत नाही. उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतात, खाली सात वाक्ये देतात, आणि प्रत्येक वाक्याची जागा शोधायला सांगतात. दोन वाक्ये उरतात. येथे उतरवण्यासारखी ओळच नसते. मागच्या वाक्यातील कोणत्या नामासाठी ‘दे’ आले आहे, ‘हाउएव्हर’ कोणत्या विधानाला छेद देतो, परिच्छेद उदाहरणाकडे वळला की निष्कर्षाकडे, हे समजल्याशिवाय उत्तर जमत नाही. घरी आपण हा खेळ आधी मराठीत करून पाहावा. वर्तमानपत्रातील एखाद्या लेखातून ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’ यांनी सुरू होणारी वाक्ये कापून काढावीत आणि ती परत लावायला सांगावीत. मुलगी मराठीतही अडखळली, तर तिचे दुखणे इंग्रजीचे नाही, युक्तिवादाचा धागा धरण्याचे आहे. ती मराठीत सफाईने लावत असेल आणि इंग्रजीत चुकत असेल, तरच इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे भरावेत.

प्रश्न : एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून ठेवण्यापेक्षा इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यावी, असे मला मुख्याध्यापक असताना नेहमी वाटे. चीनमध्ये तसे झाले आहे काय? — एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : काही ठिकाणी झाले आहे. बीजिंगमध्ये १५० पैकी ५० गुणांची ऐकण्या-बोलण्याची परीक्षा संगणकावर, वर्षातून दोनदा होते. च-च्यांग प्रांतात तर इंग्रजीची संपूर्ण परीक्षाच दोनदा देऊन अधिक चांगला गुण धरण्याची सोय करण्यात आली. आपली सूचना मानवतेची आहे, पण तिच्यासोबत एक अवघड प्रश्न येतो : दोन वेळच्या प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण होत्या हे कशावरून?

नोव्हेंबर २०१८ मध्ये च-च्यांगला याच प्रश्नाने गाठले. वाचन आणि भाषावापराचे काही प्रश्न आदल्या वर्षापेक्षा कठीण गेले, असे अधिकाऱ्यांना उत्तरपत्रिका तपासताना आढळले. समतोल साधण्यासाठी त्यांनी त्या प्रश्नांना भार देऊन गुण वाढवले. ही गोष्ट परीक्षेनंतर ठरली होती आणि मुलांना आधी सांगितलेली नव्हती. पालकांत मोठा असंतोष पसरला, प्रांतिक सरकारने चौकशी केली, डिसेंबरच्या आरंभी तो निर्णय चुकीचा ठरवून मूळ गुण परत लागू केले आणि शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद गमवावे लागले. हेतू वाईट नव्हता असे मी मानतो. पण प्रश्न आधी नमुन्यादाखल मुलांवर वापरून पाहिले तर ते फुटण्याची भीती, आणि न वापरले तर त्यांची काठिण्यपातळी आधी कळण्याचा मार्ग नाही, या कात्रीत अशी प्रत्येक परीक्षा सापडते. आपल्या सीईटीत वेगवेगळ्या सत्रांसाठी पर्सेंटाइल काढतात, ती याच कात्रीतून सुटण्याची एक वाट आहे. तिथे निदान नियम तरी आधी जाहीर झालेला असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत ऐकण्याची चाचणी ध्वनिक्षेपकावर घेतली असता मागच्या बाकांवरील मुलांना काही ऐकू आले नाही. गुण ग्राह्य धरावेत का? — एक शिक्षक, विटा

उत्तर : धरू नयेत. पुढच्या आणि मागच्या बाकांच्या सरासरीत फरक पडला असेल, तर आपण इंग्रजीचे नव्हे, बाकांचे गुण दिले आहेत. गाओखाओच्या दिवसांत चीनमधील शहरांत परीक्षा केंद्रांजवळची बांधकामे थांबवतात आणि वाहनांचे भोंगे बंद ठेवतात. दक्षिण कोरियात तर प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी ऐकण्याच्या वेळी विमानांची उड्डाणेही रोखतात. आपल्याकडे उसाच्या हंगामात गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर कोणी थांबवणार नाही, तेव्हा चाचणी सकाळच्या पहिल्या तासाला ठेवावी, पंखे बंद करावेत, वर्गाचे वीस-वीसचे गट करावेत, आणि सुरुवातीला गुण नसलेला एक तुकडा ऐकवून शेवटच्या बाकावरील मुलाला हात वर करायला सांगावे.