रंगमंच व्यवस्थापकाने प्रॉम्प्ट बुक कशी लावावी?

प्रॉम्प्ट बुक म्हणजे संहिता आणि प्रयोगाच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारी फाइल. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापा, म्हणजे समोरचं कोरं पान हालचालींच्या नोंदींना मिळतं. रिंग फाइलमध्ये टॅब लावून संपर्क यादी, वेळापत्रक, प्रॉपर्टीची (नाटकात वापरायच्या वस्तूंची) यादी आणि तालमींचे अहवाल ठेवा.

क्यू, म्हणजे प्रकाश किंवा ध्वनी बदलण्याचे इशारे, पेन्सिलीनेच लिहा. तांत्रिक तालमीत ते सतत सरकतात. प्रकाशाला आकडे, ध्वनीला अक्षरं दिली की हेडसेटवर गल्लत होत नाही. १२ आणि १३ च्या मध्ये नवा क्यू आला तर १२.५ लिहा, पुढचे आकडे अजिबात हलवू नका. ‘स्टँडबाय’, म्हणजे क्यूआधीची ‘तयार राहा’ ही सूचना, साधारण अर्धं पान आधी नोंदवा.

खरा घोटाळा जुन्या प्रतींमुळे होतो. प्रत्येक यादीवर तारीख आणि आवृत्ती क्रमांक हवाच. नवी प्रत देताना जुनी परत घ्या.