लिंबाची सालं, रिठे आणि ओट्यावरचा तो पांढरा गोल

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्याकडे फरशी पुसायचं लिक्विड गेले कित्येक महिने विकत आणलेलं नाही, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेतलंय.

ताई, व्हिडिओ बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर मिक्स करून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवलं. करताना मस्त फसफसलं, पण गॅसमागच्या टाइल्सचा चिकटपणा काही जात नाही, वर बाटलीच फुगली. माझं काय चुकलं? (चिंचवड)

अगं, तुझं काही चुकलं नाही, त्या फसफशीला आपण सगळ्याच फसतो. सोडा म्हणजे खार आणि व्हिनेगर म्हणजे आंबट, दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर काढून घेतात, वायू उडून जातो आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. त्याने टाइल्स कशा निघणार? तोच वायू बाटलीत कोंडला म्हणून ती फुगली, आधी झाकण सैल कर आणि ते पाणी मोरीत ओतून दे.

मी काहीही साफ करायच्या आधी एकच बघते, डाग कसला आहे. तेल, तूप, फोडणीचा चिकटा असेल तर खार लागतो. नळावर जमलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर किंवा तांब्यापितळेचा काळपटपणा असेल तर आंबट. आपल्या आज्या तेलकट भांड्याला चुलीची राख घ्यायच्या आणि देवाच्या उपकरण्यांना चिंच, त्याची उलटापालट कधी केली नाही त्यांनी, केमिस्ट्री न शिकता.

तुझ्या टाइल्ससाठी खायचा नाही, धुण्याचा सोडा आण, दोन्ही वेगळे आहेत आणि हा जास्त कडक असतो. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा विरघळव, जुना पंचा त्यात बुडवून टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेव, मग पूस आणि साध्या पाण्याचा हात मार. हातमोजे घाल, नाहीतर हाताची सालटी निघतात. आणि अॅल्युमिनियमच्या कढईला किंवा पातेल्याला हे पाणी लावू नकोस, काळंठिक्कर पडतं.

आमचा ओटा कडप्प्याचा आहे, त्यावर लिंबू-मीठ घासलं तर चालेल का? (सोलापूर)

नाही हो, अजिबात नको! हे मी स्वतःचा ओटा घालवून शिकलेय. एकदा अर्धं लिंबू पिळून ओट्यावर पालथं ठेवलं, तेवढ्यात फोन आला, मग सीरियल लागली आणि ते तिथेच राहिलं. सकाळी उचलून बघते तर खाली लिंबाच्या फोडीएवढा पांढरा गोल, बोट फिरवलं तर तेवढाच भाग खरखरीत लागत होता. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही मुळात चुनखडीच्या जातीचे, आंबट लागलं की दगडच विरघळतो, तो डाग नसतोच, खड्डा असतो. खोबरेल तेल चोळलं की पाहुणे येऊन जाईपर्यंत झाकतो, मग पुन्हा आहेच.

ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आपला दगड कुठला ते कळत नसेल तर कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे आले तर त्या दगडापासून लिंबू, व्हिनेगर, ताक, सगळं लांब ठेवायचं आणि टाकलेला थेंब लगेच पुसून घ्यायचा. अशा ओट्याला रिठ्याचं पाणी बेस्ट.

ताई, बायोएन्झाइम करायला घेतलं होतं, नवव्या दिवशी बाटली फुटली आणि ट्रॉलीभर संत्र्याची सालं! सासूबाई अजून बोलून दाखवतात. पुन्हा करावं का? (डोंबिवली)

कर गं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बायोएन्झाइम म्हणजे फळांची सालं गुळाच्या पाण्यात आंबवून घरी केलेलं फरशी पुसायचं लिक्विड. पण काचेची बाटली नको आणि गळ्यापर्यंत भरायचं नाही. तू प्रमाण लिहिलेलं नाहीस म्हणून पहिल्यापासून सांगते. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, म्हणजे 100 ग्रॅम गुळाला 300 ग्रॅम सालं आणि एक लिटर पाणी. गूळ आधी पाण्यात विरघळवायचा, चिक्कीचा महागाचा नको, काळा स्वस्तातला चालतो. सालं लिंबाची, मोसंबीची, संत्र्याची, अननसाची चालतील, कांद्या-लसणाची घातलीस तर घरात कोणी बसणार नाही. बाटली प्लास्टिकची, पाव भाग रिकामी ठेवायची, कारण गूळ आंबताना भरपूर वायू होतो. पहिला महिनाभर रोज झाकण किंचित उघडून तो फुस्स करून सोडायचा आणि परत लावायचं, हे एक दिवस जरी विसरलं तरी ट्रॉली आहेच. मग आठवड्यातून एकदा पुरतं. एकूण तीन महिने, झाकणावर तारीख लिहून ठेव, मी लिहीत नाही आणि मग नुसता अंदाज करत बसते.

वर पांढरी साय आली तर घाबरू नको, काळी बुरशी आली आणि घाण वास सुटला तर मूठभर गूळ घालून हलव, तरी सुधारलं नाही तर टाकून दे. नीट जमलेल्याला आंबटगोड वास येतो. गाळून घे, अर्ध्या बादलीला चहाचा अर्धा कप पुरतो.

आता एक कटू गोष्ट. हे आंबट आहे, त्यामुळे शहाबादी फरशीला नाही. आणि घरात कोणाला उलट्या-जुलाब चालू असतील तर संडास-बाथरूम यावर सोडू नकोस, तिथे विकतचं जंतुनाशकच आण, त्यात कमीपणा काही नाही. पैसे वाचतात ते रोजच्या पुसण्यात, आणि तेही सालं फुकटची असतील तरच, मुद्दाम संत्री आणून सोलू नकोस.

रिठ्याचं पाणी दोन दिवसांत आंबते. उपाय सांगावा. (सातारा)

काका, ते आंबणारच, टिकवायला त्यात काही घातलेलंच नसतं. थोडं थोडं करा. दहा-बारा रिठे फोडून आतल्या काळ्या बिया काढायच्या, लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून गार झाल्यावर हातानेच कुस्करायचे आणि फडक्याने गाळायचे. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा. किराणावाल्याकडे रिठे नसले तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात.

सोनं, रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर यांना याच्यासारखं दुसरं नाही. पांढऱ्या शर्टाला मात्र वापरू नका, पिवळट छटा येते. फेस साबणाएवढा येत नाही म्हणून अजून ओतत बसू नका. डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. आणि घरात माशांची टाकी असेल तर ती या पाण्याने धुवायची नाही, ज्या सॅपोनिनमुळे फेस येतो तेच माशांना विष आहे.

आमच्या मावशी संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकतात, लख्ख निघतं. घरगुती उपाय म्हणून चालेल ना? (नागपूर)

आजच थांबवा. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूसत्व घातलं तरी तेच होतं, त्यामुळे नैसर्गिक आहे म्हणून चालेल असं समजू नका. मावशींना नीट बसवून सांगा, रागावून नको, त्यांचा खोकला त्यामुळेही असू शकतो. पिवळा थर काढायला रात्री संडासच्या भांड्यात चार चमचे लिंबूसत्व टाकून ठेवा आणि सकाळी ब्रश मारा. ज्या दिवशी हे टाकाल त्या दिवशी ब्लीच नाही.

तांब्याचा हंडा चकचकीत ठेवायला पावडर न आणता काय करावं? (रत्नागिरी)

रत्नागिरीत बसून हे मला विचारताय! सोलकढीला पिळून झालेली आमसुलं फेकू नका, त्यात आंबट असतं आणि मीठही, त्याच चोथ्याने हंडा घासा, बघता बघता गुलाबी होतो. लगेच धुवून कोरड्या फडक्याने पुसायचा, ओला ठेवलात तर दुपारपर्यंत पुन्हा डाग.