आजोबा येणार, मार्क देणार

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा, इंदूरच्या सुदामा नगरला राहतो. गेममध्ये कॅरेक्टर निवडायचं असलं की मी नेहमी मुलगीच घेतो, मित्र खूप चिडवतात. माझ्यात काही गडबड आहे का?

उत्तर : काही नाही रे. १९९६ मध्ये टूम रेडर हा गेम आला तेव्हापासून जगभरातली मुलं त्यातली नायिका लारा क्रॉफ्ट होऊन गुहांमध्ये उड्या मारतायत. तासन्‌तास स्क्रीनवर कोणाला पळवायचं हे तू ठरव, मित्रांना त्यांचे दाढीवाले पळवू दे. पुढे चला.

प्रश्न : ताई, वय ५७, रामबाग. मागच्या दिवाळीत मुलगा बंगलोरहून आला तेव्हा टॅबवर स्टारड्यू व्हॅली टाकून दिला, म्हणाला आई तुला जमेल, शेती आहे. (आमची शेती कधीच नव्हती, कुंडीतली तुळस तेवढी.) आता रोज जेवणं आटोपली, ओटा पुसला की मी तिथेच. गोष्ट अशी की आजोबा वारतात, शेत आपल्याला देऊन जातात, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांचं भूत येऊन बघतं की तू काय दिवे लावलेस. माझा दुसऱ्या वर्षाचा हिवाळा चालू आहे. परवा लक्षात आलं की गावातल्या सगळ्यांचे वाढदिवस मी वहीत लिहून ठेवलेत, कोणाला काय आवडतं तेही, आणि माझं घर मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच, एक खोली एक पलंग. वर नऊ पेट्या भरल्यात, सगळा सोनेरी स्टारचा, म्हणजे उत्तम प्रतीचा माल, विकला नाही खाल्ला नाही, कधीतरी लागेल म्हणून. आमच्या सासूबाईंचा बोन चायनाचा सेट असाच कपाटात आहे, ३१ वर्षं झाली, किती पाहुणे आले आणि त्यातले किती तर वरही गेले, तो सेट काही निघाला नाही. मला एकदम कसंतरीच झालं, टॅब बंद करून टाकला. गेममध्ये तरी माणसाने वेगळं वागावं ना? आणि खरं सांगू, त्या आजोबांची भीती वाटून राहिलीय.

उत्तर : काकू, आधी माझं ऐका. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, त्यात कॉन्ट्रा हा गोळीबाराचा खेळ. तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो, दोघांनी मिळून वर चढायचं, आणि एक जण भरभर वर गेला की स्क्रीनही त्याच्याबरोबर वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, गोळी न लागता. मी वर पळायची, धाकटा भाऊ खाली मरायचा, रोज. तो ओरडायचा, थांब ना! मला वाटायचं याला खेळताच येत नाही. आता चाळिशी उलटली, आणि मागच्या रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला गेलो तर मी गर्दीतून सरसर पुढे, आणि मागून तोच आवाज, थांब ना! वळून बघितलं तर भाऊ गुलालात बुडालेला, कडेवर पोर, एका हातात माझी पण चप्पल. तेव्हा गेममध्ये वेगळं वागावं हे म्हणायला ठीक आहे, पण हात तेच, सवयी त्याच, आणि तिथे बघायलाही कोणी नसतं.

पण सगळं खापर स्वतःवर फोडू नका. ती गिफ्टं गेमच तुमच्याकडून वाटवून घेतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं बसून तो बनवला, २०१६ मध्ये आला, आणि हिशोब असा बसवलाय की एका माणसाला आठवड्यात दोन भेटी, वाढदिवसाच्या भेटीचा असर आठपट, आणि बोललंच नाही तर मैत्री हळूहळू उतरते. अगदी आपल्या नातेवाइकांसारखं. शिवाय स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलंय की कॉम्प्युटरच्या दुनियेत ज्यांना स्क्रीनवरचं पात्र म्हणून उंच अवतार दिला ते पैशाच्या वाटणीत जास्त ताणून धरायला लागले. (अवतार शब्द बघा, आपलाच, इंग्रजीत फिरून परत आला.) म्हणजे खेळ पण आपल्याला थोडं घडवतोच. पण काकू, वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे दुकानाबाहेर टांगलेलं असतं, तरी तुम्ही वही केलीत. वही तुमची.

आता ते घर. तुम्हाला वाटतंय स्वतःकडे दुर्लक्ष केलं. मला जरा वेगळाच संशय येतोय. १०,००० रुपये (तिथलं नाणं वेगळं, पण आपण रुपयेच म्हणू) आणि ४५० लाकडं दिली की घराची पहिली वाढ होते, आणि त्या वाढीत काय मिळतं? स्वयंपाकघर! दुसरं वर्ष संपत आलं, एवढे पैसे तुमच्याकडे नसतील असं मला वाटत नाही. ओटा पुसून जी बाई टॅब उघडते ती तिथे परत ओटा कशाला बांधेल? जन्मात पहिल्यांदा बिनस्वयंपाकघराचं घर मिळालंय, राहा की मजेत.

फक्त आजोबांचा हिशोब माहीत असू द्या. एकूण २१ मार्क, १२ मिळाले की त्यांच्या समाधीवरच्या चारही मेणबत्त्या पेटतात. त्यातले ७ नुसत्या कमाईचे. लग्नाला एक मार्क, तोही घर दोनदा वाढवलं असेल तरच, आणि कुत्र्या-मांजराचा जीव जडला की त्यालाही एक. नवरा आणि मांजर एकाच भावात, आमच्या घरी हे वाचून दाखवलं तर एकच जण हसलं. तुमचे कमाईचे मार्क त्या नऊ पेट्यांत पडलेत. तिथे काही नासत नाही ना, तीच पंचाईत, नासलं असतं तर केव्हाच विकून मोकळ्या झाला असतात.

आणि कमी पडले तरी घाबरू नका, त्यांच्या समाधीवर एक हिरा ठेवला की आजोबा परत येऊन नव्याने तपासतात. आपल्याकडच्या आजोबांनी असं कधी केलेलं मी तरी ऐकलं नाही. बाकी गेममध्ये रात्री जागू नका, २ वाजले की माणूस धाडकन पडतो आणि खिशातले पैसेही जातात. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात त्या वेळी भुट्ट्याचा कीस खाणारे आपले लोक तिथे एक दिवस टिकणार नाहीत.

पेट्यांमध्ये स्ट्रॉबेरी असेल तर एक काढा, विकू नका, कच्चीच खाऊन टाका. आणि रविवारी त्या कपांत चहा करा, काकांना आणि तुम्हाला, पाहुणे नकोत. एखाद्याचा कान तुटला तर मला कळवा, आमच्याकडे तसे तीन आहेत, पेनं ठेवायला बरे पडतात.