नम्र राहायचं म्हणजे प्रत्येक वेळी हो म्हणायचं का?

"मॅडम, मी ढोंगी ख्रिस्ती आहे का?" नगरकडच्या एक ताई समुपदेशनाला आल्या आणि बसल्या बसल्या हेच विचारलं. वय पंचेचाळिशीच्या आसपास, दवाखान्यात स्टाफ नर्स, चर्चच्या मंडळीत महिला मंडळाच्या सेक्रेटरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि बारावीतली मुलगी. (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) झालं असं होतं की नाताळचा अख्खा कार्यक्रम त्यांनी ओढून नेला होता, करंज्या-चकल्यांचा हिशोब, संडे स्कूलच्या मुलांचे ड्रेस, कॅरल राउंडला कुणाच्या घरी किती वाजता पोचायचं, सगळं सगळं, तेही नाइट ड्युट्या सांभाळून, आणि शेवटी स्टेजवरून आभार मानले गेले ते मंडळीत नव्याने आलेल्या एका सुनेचे, जिने फक्त स्टेजचं डेकोरेशन केलं होतं. ताई सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. घरी आल्यावर मात्र बाथरूमचं दार लावून रडल्या.

"मला त्या मुलीचा इतका राग आला ना, आणि त्या रागाची इतकी लाज वाटली की पुढच्या वेळी मी प्रभुभोजनच घेतलं नाही (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात ते). वाटलं, आपण कुठल्या तोंडाने घ्यायचं? बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय मला पाठ आहे. दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानायचं, हे मीच महिला मंडळात शिकवते."

हा प्रश्न माझ्याकडे खूप जण घेऊन येतात. कुणी म्हणतं नम्र राहिलं की लोक गृहीत धरतात, कुणी म्हणतं वरून शांत असतो पण आतून धुमसत असतो आणि तेच पाप वाटतं. दोन्ही वाक्यं वेगळी वाटतात पण बहुतेक वेळा एकाच माणसाची असतात, ताईंचंही तसंच होतं.

आधी रागाचं सांगते. त्यांना मी म्हटलं, ताई तुम्ही नर्स आहात, पेशंटला ताप आला तर तुम्ही तापाला शिव्या देता का? आत काय चाललंय ते शोधता ना. कौतुक झालं नाही म्हणून दुखणं ही माणसाची गोष्ट आहे. लूकच्या 22 व्या अध्यायात बघा, शेवटचं भोजन चाललंय, भाकर मोडून दिलीय, आणि त्याच मेजाशी शिष्यांचा वाद सुरू होतो की आपल्यात मोठा कोण! प्रभू त्यांना उठवून बाहेर काढत नाही, तिथेच बसवून समजावतो. मग तुम्हीच स्वतःला त्या मेजावरून का उठवलंत? ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एवढं वचन वाचणाऱ्या बाईंना ही जागा माहीत नव्हती असं नाही, पण स्वतःला त्या शिष्यांच्या रांगेत बसवून बघितलं नव्हतं.

मग त्यांना एक काम दिलं. एक साधी वही करायची, दिवसभरात कुणी काय मागितलं, आपण काय उत्तर दिलं आणि उत्तर देताना मनात खरं काय होतं, एवढंच लिहायचं. वचन लिहायचं नाही, स्वतःला उपदेश करायचा नाही, जे झालं ते लिहायचं. मी हे बऱ्याच जणांना देते कारण "मी नम्र आहे की नाही" असं आकाशाकडे बघून विचारत बसलं तर उत्तर कधी मिळत नाही, मंगळवारी दुपारी चार वाजता मी काय बोलले यातून मिळतं.

वही भरून आली आणि ती आम्ही दोघींनी मिळून वाचली. पाळकसाहेबांनी (चर्चच्या पास्टरांनी) सांगितलं, हो. डॉक्टरांनी ड्युटी बदलली, हो सर. नणंदेने फोन करून सासूबाईंच्या औषधावरून चार शब्द सुनावले, हो ताई, बरोबर आहे तुमचं. आणि त्याच पानांवर दुसऱ्या बाजूला, वॉर्डातल्या मावशींना "एकदा सांगून कळत नाही का?" मुलीने फी भरायची आठवण केली तर "माझा जीव घ्या तुम्ही सगळे." मी काहीच बोलले नाही. ताईच वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी फक्त वरच्यांशीच नम्र आहे की हो."

मला वाटतं या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. ज्याच्या हातात आपली इज्जत आहे, नोकरी आहे, त्याच्यापुढे मान खाली घालणं यात भीती असू शकते, सवय असू शकते, चांगलं म्हणवून घ्यायची गरज असू शकते. त्याला आपण नम्रता म्हणून टाकतो आणि मग जमलेली सगळी चीड घरात किंवा हाताखालच्या माणसावर निघते. योहानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू कमरेला रुमाल बांधतो तो कुणाचे पाय धुवायला? गुरू शिष्यांचे. ज्यांच्याकडून त्याला काही मिळवायचं नव्हतं त्यांचे, त्यात त्याला पकडून देणारा यहूदाही होता. म्हणून मी सांगते, आपली नम्रता तपासायची असेल तर पाळकसाहेबांशी कसं बोललो ते बघू नका, मावशींशी, रिक्षावाल्याशी, स्वतःच्या लेकराशी कसं बोललो ते बघा.

त्याच अध्यायात शिष्य पेत्र आहे. तो म्हणतो, प्रभू, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र वाटतं! आणि उत्तर येतं की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. हे मी ताईंना मुद्दाम वाचायला लावलं, कारण वहीत अजून एक गोष्ट दिसत होती, त्यांनी कुणाकडूनच काही घेतलं नव्हतं. जावेने डबा पाठवते म्हटलं तर नको. तरुण संघातली मुलं खुर्च्या लावतो म्हणाली तर राहू दे, मी बघते. नवऱ्याने आईजवळ रात्री मी बसतो म्हटलं तर तुम्हाला जमणार नाही. मग दमायचं, आणि मग कुणी विचारत नाही म्हणून रडायचं. मी त्यांना विचारलं, सगळं तुम्हीच केलं पाहिजे हे कुणी सांगितलं? खूप वेळाने म्हणाल्या, "माझ्याशिवाय होत नाही हे ऐकायला मला आवडतं." हे स्वतःच्या तोंडाने म्हणणं किती अवघड असतं ते समोर बसल्यावर कळतं, माझ्या दृष्टीने त्या दिवशी त्यांनी जितकी नम्रता दाखवली तितकी वर्षभर टाळ्या वाजवूनही दाखवली नसती.

आता दुसरी बाजू, ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. मग काय, कुणी काहीही बोललं तरी ऐकून घ्यायचं? डावा गाल पुढे करायचा असं शिकवलंय ना आपल्याला. पण ज्याने ते शिकवलं त्याला त्याच शेवटच्या भोजनाच्या रात्री, पकडून नेल्यावर, हन्ना या याजकासमोर एका शिपायाने चापट मारली तेव्हा त्याने काय केलं, ते योहानाच्या 18 व्या अध्यायात आहे. त्याने उलट हात उचलला नाही, शाप दिला नाही, पण गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर काय वाईट बोललो ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं सरळ विचारलं. संध्याकाळी शिष्यांचे पाय धुणारा आणि रात्री मारणाऱ्याला जाब विचारणारा एकच आहे. हे दोन्ही एका माणसात बसतं हे आपल्याला कुणी नीट शिकवत नाही, खास करून बायकांना.

ताईंच्या आजीची आई पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढलेली, म्हणून आमच्या बोलण्यात रमाबाईंचा विषय आपोआप निघाला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना बाईंनी स्वतः जाऊन आणलं, त्यांना वाढवलं, शिकवलं, हे घराघरात सांगितलं जातं. पण 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्याच सिस्टर आणि बिशप मंडळींनी अमुकच मान आणि तमुकच कर म्हटलं तेव्हा याच बाईंनी पत्रांमधून ठामपणे सांगितलं होतं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या ताब्यात देणार नाही. ज्यांचं अन्न खात होत्या त्यांना हे सांगितलं. नम्र बाई म्हणून आपण रमाबाईंना मान देतो आणि आपल्या मुलींना मात्र गप्प बसायला शिकवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट लिहिते. घरात मारहाण होतेय, पैसे हिसकावले जातायत, धमक्या मिळतायत आणि कुणी तुम्हाला "नम्र व्हा, प्रार्थना करा, सहन करा" सांगत असेल, तर ते ऐकू नका. तो नम्रतेचा विषयच नाही, तिथे आधी सुरक्षित होणं महत्त्वाचं. महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर 112, आणि 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. प्रार्थना करा, जरूर करा, पण फोनही करा.

ताईंच्या बाबतीत तसं नव्हतं, म्हणून आम्ही रोजच्या छोट्या गोष्टींवर काम केलं. कुणी काम सांगितलं की लगेच हो म्हणायचं नाही, "उद्या सांगते" म्हणायचं. सुरुवातीला हे दोन शब्द बोलताना त्यांचे हात थंड पडायचे, म्हणून आम्ही सेशनमध्येच सराव केला, मी पाळकसाहेब व्हायचे आणि त्या उत्तर द्यायच्या. कुणी कौतुक केलं की "छे छे, मी काय केलं, सगळं प्रभूचंच" असं झटकून टाकायचं नाही, "थँक्यू, मला बरं वाटलं" इतकंच म्हणायचं आणि देवाचे आभार घरी गुडघ्यावर मानायचे. कुणी मदत देऊ केली तर दिवसातून एकदा तरी घ्यायची, मग ती कशीही होवो. नवऱ्याने आईची चादर वाकडी घातली, तरी घालू द्यायची.

सगळ्यात जड गेलं ते मुलीची माफी मागणं. आपल्याकडे आईबापाने लेकराची माफी मागायची पद्धतच नाही ना. ताईंनी आधी माझ्यासमोर बोलून बघितलं तर निघालं, "सॉरी बाळा, मी ओरडले, पण तू पण..." मी तिथेच थांबवलं. पण नको. पण आला की माफीचा हिशोब होतो. शेवटी घरी जाऊन त्या म्हणाल्या, "मी चर्चमध्ये सगळ्यांशी गोड बोलते आणि तुझ्यावर ओरडते, हे चुकीचं आहे, मला माफ कर." मुलगी म्हणाली, "मला माहितीये मम्मी," आणि मोबाइल बघत बसली. ताई दुखावल्या होत्या, त्यांना वाटलं होतं ती गळ्यात पडेल. मी म्हटलं, माफी तुमच्या हातात, गळ्यात पडणं तिच्या हातात, तिला वेळ द्या. मावशींचं मात्र सोपं झालं. त्यांचं नाव ताईंना इतकी वर्षं माहीतच नव्हतं, ते विचारलं आणि तेव्हापासून नावाने हाक मारतात, अहोजाहो करून.

प्रभुभोजन त्यांनी परत घ्यायला सुरुवात केली. त्या डेकोरेशनवाल्या सुनेशीही बोलल्या, राग आला होता वगैरे तिला काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती, फक्त तुझं काम छान झालं होतं म्हणाल्या आणि तेव्हा ते मनापासून होतं असं त्यांनी मला सांगितलं.

यंदा नाताळच्या मीटिंगमध्ये कमिटीने नेहमीसारखं सगळं त्यांच्याकडे सरकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, फराळाचा हिशोब मी बघते, बाकीचं दुसऱ्या कुणाकडे द्या, सासूबाईंचं दुखणं वाढलंय. एका ज्येष्ठ सभासदांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, "सेवा करायला वेळ नसेल तर पद कशाला?" ताईंनी आवाज न चढवता विचारलं, "मी कुठलं काम अर्धवट सोडलंय ते सांगा, मी ऐकते." त्यांनी उत्तर दिलं नाही आणि नंतरचे काही रविवार बघूनही न बघितल्यासारखं केलं. ताईंना अजून ते टोचतं. झोप लागत नाही असं मागच्या सेशनला म्हणाल्या. चर्चच्या बाहेर गाठून त्या काकांशी एकट्याने बोलायचं का, बोलायचं तर कशी सुरुवात करायची, यावर आम्ही सध्या काम करतोय, आणि पुढच्या सेशनला मुलगीही येते म्हणालीय.