समितीची मुदत संपतेय, पुढे काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आमची मुदत आता संपतेय. देवराईतली तोड थांबवली, गावातल्या झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंदवही केली, उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढल्या. नवीन समितीत कोण येईल माहीत नाही, सगळं कपाटात पडून राहील अशी भीती वाटते. जाताना नेमकं काय करू?

उत्तर: दादा, देवराईतली तोड थांबवायची म्हणजे गावात चार घरांशी वाकडेपणा घ्यावा लागतो, तो तुम्ही घेतलात, खरंच कौतुक वाटतं. आणि भीती खोटी नाहीये. जैविक विविधता कायदा २००२ चा, त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती हवी, पण पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ची तारीख दिली आणि उशीर केला तर राज्याला महिन्याला १० लाख भरावे लागतील म्हटलं तेव्हा कुठे सगळीकडे धावपळ सुरू झाली. त्या घाईत कितीतरी नोंदवह्या बाहेरच्यांनी येऊन भरल्या, गावाला पत्ताच नाही. तुमची गावाने केलेली आहे, म्हणून ती जपायला हवी.

माझ्या मते कागद सोपवणं हे अर्धंच काम. नवीन मंडळी ठरली की त्यांना घेऊन देवराईत जा, अख्खा दिवस काढा, आणि ज्यांनी माहिती सांगितली ते गुराखी, औषध देणाऱ्या आजी, सगळ्यांना सोबत न्या. कुठलं पाणी मेपर्यंत टिकतं, वणवा दरवर्षी कुठल्या अंगाने चढतो, कुणाच्या हद्दीवरून भांडण होतं, हे तक्त्यात कधीच येत नाही आणि नव्या माणसाला पहिल्या उन्हाळ्यातच लागतं.

नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत असेलच, नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे पोचलीय का ते बघून घ्या. पण वैदूंनी सांगितलेल्या औषधांच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका प्लीज, ती त्यांची विद्या आहे, कुणाला द्यायची हे त्यांना विचारूनच. बाहेरच्या कुणी रानातलं काही नेलं असेल, शुल्क भरलं असेल तर ते रजिस्टर वेगळं असतं, तेही पूर्ण करा.

पैशाचं लवकर उरका. स्थानिक जैवविविधता निधीचं पासबुक, बिलं, अनुदान घेतलं असेल तर ते ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, बँकेतल्या सह्या बदलणं. चांगल्या कामावर नंतर संशय येतो तो बहुतेक इथूनच, म्हणून हिशोब ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि राहिलेल्या कामांची यादी इतिवृत्तात लिहून घ्या. जुन्यातले एकदोघं तरी नव्या समितीत राहावेत असंही तिथेच सुचवा, त्यातही रानात रोज जाणारी एखादी बाई असेल तर फारच बरं.

आणि पद गेलं तरी तुम्ही ग्रामसभेत आहातच ना. तुमच्याच जिल्ह्यात दोडामार्गजवळ हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर आलेली, गावकऱ्यांनी देवाची राई म्हणून राखली म्हणूनच ती टिकली, आणि सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. तुमच्या देवराईत तसं काही दुर्मिळ असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव पाठवता येतो. त्याचा ठराव मुदत संपायच्या आत, याच ग्रामसभेत घेऊन टाका.