‘खासगी न्यास’ म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या देणगीदार संस्थांवरचा एक अहवाल मराठीत आणतो आहे. त्यात प्रायव्हेट फाउंडेशन हा शब्द पानोपानी येतो. मी सरळ खासगी न्यास लिहीत होतो. सहकारी म्हणते, खासगी प्रतिष्ठान लिही. बरोबर काय? आणि न्यास, विश्वस्त व्यवस्था, धर्मादाय संस्था, प्रतिष्ठान हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का?’

तुम्ही दोघे नामावरून वाद घालताय, पण खरा घोळ विशेषणात आहे. न्यास की प्रतिष्ठान हे नंतर बघू. आधी ‘खासगी’कडे वळू, कारण तुमच्या वाक्याचा अर्थ तोच उलटा करतो आहे.

आपल्याकडच्या कायद्याच्या बोलीत खासगी न्यास आणि सार्वजनिक न्यास ही जोडी ठरलेली आहे. तिथे खासगी हे विशेषण लाभार्थ्यांबद्दल बोलते. पैसा कोणी दिला हे पाहायचे नसते, त्याचा उपभोग कोणी घ्यायचा हे पाहायचे असते. आजोबांनी नातवंडांच्या शिक्षणासाठी घर आणि ठेवी न्यासात ठेवल्या, तर लाभ घेणारी माणसे बोटांवर मोजता येतात, नावे लिहिता येतात. हा खासगी न्यास. त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. त्याच आजोबांनी तेवढीच मालमत्ता तालुक्यातल्या कोणत्याही गरजू मुलासाठी ठेवली, तर लाभार्थी समाजातला एक अनिश्चित गट झाला आणि न्यास सार्वजनिक झाला. पैसा दोन्ही वेळा आजोबांचाच. १८८२ चा कायदा तर पहिल्याच कलमात सांगतो की धार्मिक आणि धर्मादाय देणग्यांना मी लागू नाही. देऊळ खासगी की सार्वजनिक, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हीच कसोटी लावली होती: लाभार्थी ठरावीक माणसे आहेत की सर्वसाधारण भक्तजन?

अमेरिकेच्या करकायद्यात ‘प्रायव्हेट’ वेगळ्याच गोष्टीला चिकटले आहे. तिथे ही संस्था धर्मादायच असते, तिचा लाभ जनतेलाच जायचा असतो. खासगी असतो तो पैशाचा उगम आणि कारभाराची दोरी. एक व्यक्ती, एक कुटुंब किंवा एक कंपनी मोठी रक्कम देते आणि बहुधा तिचीच माणसे ती रक्कम सांभाळतात. म्हणजे आपल्याकडे खासगी हा शब्द घेणाऱ्याकडे बोट दाखवतो, तिकडे देणाऱ्याकडे. तुमचा ‘खासगी न्यास’ एखाद्या मराठी वकिलाने वाचला तर त्याला दिसेल वारसांमध्ये पैसे वाटणारा कौटुंबिक न्यास, आणि अहवालाला म्हणायचे आहे बरोबर त्याच्या विरुद्ध.

एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या मजकुरात वाक्य होते: ‘खासगी न्यासाने दरवर्षी मालमत्तेच्या ५ टक्के रक्कम वाटली पाहिजे.’ व्याकरण निर्दोष. पण वाचणारा साहजिकच विचारणार, कोणाला, मुलाबाळांना का? मूळ नियम असा की अशा संस्थेने आपल्या गुंतवणुकीच्या बाजारमूल्याच्या साधारण ५ टक्के इतकी रक्कम दरवर्षी धर्मादाय कामासाठी खर्च केलीच पाहिजे. एका विशेषणाने दान हे वाटणीपत्र होऊन बसले.

आता थोडे आडवळण, कारण या शब्दाची गोष्ट आपल्याच इतिहासात सुरेख सापडते. खासगी (बरेच जण खाजगी लिहितात, दोन्ही रूढ आहेत) हा अरबी ‘खास’ला फारसी ‘गी’ लागून झालेला शब्द. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब, राज्याच्या हिशेबापासून वेगळा. होळकरांकडे एक ‘दौलत’ आणि दुसरी ‘खासगी’ अशी विभागणी होती, आणि खासगी राण्यांच्या हाती असे. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळे, धर्मशाळा बांधल्या त्यामागे या खासगीचे उत्पन्न होते. म्हणजे पैसा खासगी, उपयोग सार्वजनिक: प्रायव्हेट फाउंडेशनची कल्पना याहून नेमकी कशी सांगणार? संस्थाने विलीन झाल्यावर या मालमत्तेसाठी १९६२ मध्ये इंदूरला न्यास स्थापन झाला, त्याच्या नावातच ‘खासगी’ आहे. २०२२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने या न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो असे ठरवून नोंदणी करायला सांगितले. नाव खासगी, दर्जा सार्वजनिक. तुमच्या सहकाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

अमेरिकेच्या कायद्यातली व्याख्याही मजेदार आहे. प्रायव्हेट फाउंडेशन म्हणजे काय हे तो सरळ सांगतच नाही. धर्मादाय म्हणून करमाफी घेणारी प्रत्येक संस्था प्रायव्हेट फाउंडेशन धरली जाते, आणि आपण तशा नाही हे संस्थेनेच दाखवायचे: मी चर्च आहे, शाळा आहे, रुग्णालय आहे, किंवा माझ्याकडे येणाऱ्या पैशाचा पुरेसा भाग सामान्य लोकांकडून येतो. जे यात बसत नाही ते उरते, आणि उरते ते प्रायव्हेट. ही विभागणी १९६९ च्या करसुधारणा कायद्याने पक्की केली. श्रीमंत घराणी धर्मादायाच्या नावाखाली कंपन्यांवरचा ताबा घरातच ठेवतात आणि दान मात्र चिमूटभर करतात, असा तेव्हा संशय होता. म्हणून या वर्गाच्या वाट्याला कडक नियम आले. संस्थापकाने किंवा त्याच्या नातलगांनी संस्थेशी खरेदी-विक्री, कर्ज, भाडे असले व्यवहार करायचे नाहीत. एखाद्या कंपनीत संस्थापकमंडळी धरून साधारण २० टक्क्यांच्या वर हिस्सा ठेवायचा नाही. वर सांगितलेले ५ टक्के खर्च करायचे. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर थोडा कर भरायचा, तो सध्या १.३९ टक्के आहे. आणि वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येईल असे खुले ठेवायचे.

भारतीय करकायद्यात धर्मादाय संस्थांची अशी दोन घरे नाहीत, पण संशय तोच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १३ त्यासाठीच होते: संस्थापक, मोठा देणगीदार, विश्वस्त किंवा त्यांचे नातलग यांना लाभ पोचला तर करमाफीवर गदा. खर्चाचा नियमही होता, पण तो उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांचा. भाषांतर करताना इथे डोळ्यांत तेल घाला. तिकडचे ५ टक्के मालमत्तेवर, इकडचे ८५ टक्के उत्पन्नावर. हे आकडे शेजारी ठेवून ‘अमेरिकेत फक्त पाच टक्के दान’ असे मथळे देणारे लोक मी पाहिले आहेत.

आता नामाकडे. न्यास म्हणजे ‘नि’ आणि ‘अस्’ मिळून खाली ठेवणे, सोपवणे. पूजेतले अंगन्यास-करन्यास तेच, संन्यास आणि विन्यासही त्याच घरचे. जुन्या व्यवहारशास्त्रात निक्षेप, उपनिधी, न्यास हे ठेवीचे प्रकार. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी पाठवून कण्व म्हणतो की कोणाची ठेव परत करावी तसे माझे मन हलके झाले, आणि तिथे शब्द आहे ‘प्रत्यर्पितन्यास’. वस्तू माझ्या हातात, पण माझी नव्हे: ट्रस्ट या कल्पनेचा गाभा हाच. १८८२ च्या कायद्याची व्याख्या म्हणते की ट्रस्ट म्हणजे मालकीला जोडलेले बंधन, आणि ते एकाने टाकलेल्या व दुसऱ्याने स्वीकारलेल्या विश्वासातून निर्माण होते. म्हणून ट्रस्टीला विश्वस्त. (हिंदीत न्यासी म्हणतात. मराठीत तो शब्द रुजला नाही आणि मला तरी त्याची उणीव भासत नाही.) संस्कृतात विश्वस्त म्हणजे विश्वास ठेवून निर्धास्त झालेला माणूस. आपण तो ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला लावला, आणि निर्धास्त राहण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला, हे बरेच झाले.

महाराष्ट्र राज्याच्या १९५० च्या कायद्याचे अधिकृत मराठी नाव ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’ आहे, तर त्याच कायद्याखाली चालणाऱ्या कार्यालयाच्या पाटीवर ‘सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय’ असते. तेव्हा न्यास आणि विश्वस्त व्यवस्था यांत अर्थाचा फरक शोधू नका. एक सुटसुटीत, दुसरा लांबलचक, इतकेच.

प्रतिष्ठान मात्र वेगळे. ‘प्रति’ आणि ‘स्था’, घट्ट उभे राहणे, पाया. फाउंडेशनच्या लॅटिन मुळातही तळ, पाया हीच प्रतिमा आहे, त्यामुळे प्रतिशब्द म्हणून तो चपखल. पैठणचे जुने नावही हेच. हिंदीत प्रतिष्ठान म्हणजे दुकान किंवा व्यवसायही होतो, मराठीत त्यासाठी आस्थापना आहे, म्हणून हिंदीवरून भाषांतर करताना जपून.

या दोन प्रतिमांमध्ये कायद्याचा फरकही दडलेला आहे, आणि मला हाच भाग सगळ्यांत आवडतो. न्यास कोणाच्या तरी हाती ठेवलेला असतो. त्याला स्वतःचे वेगळे कायदेशीर व्यक्तित्व नसते, मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते आणि दावाही त्यांच्याच नावे चालतो. जर्मनीतले ‘श्टिफ्टुंग’ किंवा नेदरलँड्समधले ‘स्टिख्टिंग’ मात्र स्वतःच्या पायावर उभे असते. ते स्वतःच कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असते, त्याला मालक नसतो, सभासद नसतात, असतो तो ठरवून दिलेला उद्देश आणि तो राबवणारे मंडळ. तिसरी आपली ‘संस्था’ म्हणजे सोसायटी, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची, सभासदांची, जिथे सर्वसाधारण सभा भरते आणि निवडणुका होतात. एक हातात ठेवलेले, एक आपले आपण उभे, एक एकत्र आलेले. तेव्हा युरोपीय संस्थेबद्दल लिहिताना न्यास लिहिणे चूकच, तिथे प्रतिष्ठान हवे. अमेरिकेतले प्रायव्हेट फाउंडेशन ट्रस्टच्या रूपात असू शकते किंवा बिगर-नफा कंपनीच्या. तो शब्द संस्थेचे रूप सांगत नाही, कराच्या हिशेबातला दर्जा सांगतो. म्हणून तिथेही प्रतिष्ठानच बरे. नामाच्या वादात तुमच्या सहकारी जिंकल्या.

धर्मादाय या शब्दाबद्दलही थोडे. त्यातला ‘धर्म’ पाहून लोक त्याला धार्मिक समजतात. कायद्यात ‘धार्मिक’ आणि ‘धर्मादाय’ हे दोन वेगळे शब्द जोडीने येतात. धर्मादायात येते गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार, सर्वसाधारण लोकोपयोगी काम. हा अर्थ आता लोकांच्या तोंडी आहे तो बहुतेक धर्मादाय रुग्णालयांमुळे, जिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. जुना अर्थ व्यापारातला: बिलावर ‘धर्मादाय’ म्हणून वेगळे काढलेले पैसे. गंमत म्हणजे १९५० च्या कायद्यात त्यासाठीही कलम आहे, ५४ वे. व्यापारी रूढीप्रमाणे असे पैसे ज्याने घेतले तो त्या रकमेपुरता विश्वस्त ठरतो. कागद नाही, सही नाही, बिलातल्या एका ओळीने माणूस विश्वस्त. परोपकारी, सेवाभावी हे शब्द चांगले आहेत, पण ते स्वभावाचे वर्णन करतात. कायद्याच्या मजकुरात धर्मादायच वापरा.

तर तुमच्या अहवालात काय लिहावे? माझी सूचना: पहिल्यांदा ‘खासगी निधीचे धर्मादाय प्रतिष्ठान’ असे पुरते लिहा आणि एका वाक्यात सांगा की देणगीदार एक किंवा मोजके असतात, लाभ मात्र जनतेसाठी असतो. पुढे नुसते ‘प्रतिष्ठान’ पुरेल. खासगी हे विशेषण इथे निधीला लागते, म्हणजे त्याच्या खऱ्या जागी बसते. ‘खासगी प्रतिष्ठान’ हे निम्मे बरोबर आहे. ते चुकीचा कायदा आठवून देत नाही, पण खासगी काय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि वाक्य असे होईल: ‘खासगी निधीच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या मूल्याच्या साधारण ५ टक्के रक्कम धर्मादाय कामासाठी खर्च केली पाहिजे.’ लांब झाले, मान्य. पण मुलेबाळे वाक्यातून बाहेर गेली.

उलट दिशेने भाषांतर करताना हाच सापळा दुसऱ्या बाजूने लागतो. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा, एका माणसाच्या संपत्तीतून उभा राहिलेला. अमेरिकी वाचक त्याला सहज प्रायव्हेट फाउंडेशन म्हणेल. आपल्या कायद्यात तो सार्वजनिक न्यास आहे. इंग्रजीत नेताना ‘पब्लिक’ हा शब्द तसाच टाकलात तर तिकडच्या वाचकाला वाटेल की लोकवर्गणीतून झालेली संस्था.

राहिले नावातले ‘फाउंडेशन’ किंवा ‘प्रतिष्ठान’. त्यावरून काही ठरत नाही. न्यासही ते नाव घेतो, सोसायटीही घेते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालच्या बिगर-नफा कंपनीला तर नियमानेच फाउंडेशन, फोरम, असोसिएशन असला एखादा शब्द नावात ठेवावा लागतो. मराठीत लिहिताना संस्थेचे रूप सांगायचे असेल तर तिचा नोंदणी क्रमांक बघा. महाराष्ट्रात ‘ई’ने सुरू होणारा क्रमांक साधारणपणे न्यासाचा आणि ‘एफ’ने सुरू होणारा सोसायटीचा असतो.